महाराष्ट्राचे विभाग आणि अर्थव्यवस्था : उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘कोल्हापूर हा पश्चिम महाराष्ट्र विभागातील सुपीक जिल्हा असून येथे भरपूर पाऊस पडत असल्याने ऊस मोठ्या प्रमाणावर पिकतो.’

कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत सराव पेपरांचा गठ्ठा उघडा, हे वाक्य थोड्याफार फरकाने सापडतंच. वाचायला गुळगुळीत आहे, पण त्यात तीन चुका आहेत. ‘पश्चिम महाराष्ट्र’ नावाचा प्रशासकीय विभाग अस्तित्वात नाही. जिल्हा सगळा सुपीक नाही. आणि ऊस पिकतो तो पावसामुळे नव्हे. आता राज्यसेवेची (एमपीएससी) मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यावर अशी वाक्यं महागात पडतात, म्हणून एकेक चूक सुटी करून पाहू.

चार वाटण्यांची खिचडी

महाराष्ट्राची वाटणी चार तऱ्हांनी होते, आणि बहुतेक गोंधळ या चारही एकाच परिच्छेदात आल्यामुळे होतो. प्राकृतिक वाटणीत तीन भाग : कोकणपट्टी, सह्याद्री आणि पठार. प्रशासकीय वाटणीत सहा : कोकण (७ जिल्हे), पुणे (५), नाशिक (५), छत्रपती संभाजीनगर (८), अमरावती (५), नागपूर (६). बेरीज ३६ आली पाहिजे. ३५ आली तर तुमचं पुस्तक १ ऑगस्ट २०१४च्या आधीचं आहे. त्या दिवशी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. तिसरी वाटणी इतिहासाची आणि बोलण्यातली : खानदेश, मराठवाडा, विदर्भ, देश, पश्चिम महाराष्ट्र. चौथी कृषी-हवामानाची, त्यात नऊ विभाग.

मराठवाडा आणि छत्रपती संभाजीनगर विभाग तंतोतंत जुळतात, त्यामुळे बाकीचेही जुळत असतील असा समज होतो आणि इथेच पाय घसरतो. खानदेश हा विभाग नाही, तो नाशिक विभागात मोडतो. विदर्भाचे प्रशासकीय विभाग दोन. अहिल्यानगरला साखर कारखानदारीमुळे सर्रास पश्चिम महाराष्ट्रात धरतात, पण तो जिल्हा आहे नाशिक विभागात. देशातल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यांपैकी एक, प्रवरानगरचा, त्याच जिल्ह्यातला. म्हणून ‘पुणे विभागातील सहकारी साखर चळवळीची सुरुवात प्रवरेला झाली’ असं लिहिलंत तर माहिती बरोबर आणि उत्तर चूक.

उपाय सोपा आहे. उत्तराच्या पहिल्याच ओळीत वाटणीचा आधार लिहून टाका : ‘प्राकृतिक विभागांनुसार’ किंवा ‘प्रशासकीय विभागांनुसार’. मग शेवटपर्यंत तोच सोडू नका. आर्थिक आकडे जिल्हा आणि प्रशासकीय विभागानुसार मिळतात, आणि कारणं मात्र जमीन, पाऊस, उतार यांत सापडतात. दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत.

‘भरपूर पाऊस म्हणून ऊस’

ही चूक सगळ्यात मुरलेली आहे, म्हणून इथे जरा थांबू.

घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. शिरोळला पाचशेच्या घरात. आता जिल्ह्यातल्या उसाचा जुना, भरवशाचा पट्टा कुठला? पंचगंगा आणि कृष्णेकाठचा, म्हणजे करवीर, हातकणंगले, शिरोळ. गगनबावड्याकडे आता ऊस दिसतो खरा, पण तिथली मूळची पिकं भात आणि नाचणी. पावसाच्या आकड्यावर ऊस ठरत असता तर चित्र नेमकं उलटं दिसलं असतं.

आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. पाऊस ऑक्टोबरात आटोपतो आणि मार्च ते मे या तीन महिन्यांत उसाला पाण्याची भूक सर्वांत जास्त. ती भागवते नदी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या घाटमाथ्याकडच्या पावसावर भरतात, प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होतात, आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते. म्हणजे पाऊस पडतो बावड्याला आणि ऊस वाढतो शिरोळला. मधली सोय माणसाने केलेली : भोगावतीवरचं राधानगरी धरण (क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट), नदीवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि गावोगावच्या उपसा पाणीपुरवठा संस्था. बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळा ओसरला की घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. वेळेत निघाले नाहीत तर बंधाराच पुराला आडवा येतो.

हाच धागा उलट बाजूने धरला की शिरोळचा महापूर समजतो. गावात पावसाचा थेंब नसताना पाणी घरात शिरतं, कारण ते वरून आलेलं असतं. ‘अतिवृष्टीमुळे शिरोळमध्ये पूर’ असं न लिहिता ‘घाटमाथ्यावरील अतिवृष्टी व धरणांतील विसर्गामुळे शिरोळमध्ये पूर’ असं लिहा.

आणि ‘सुपीक’ या शब्दाचं काय? शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाटाने पाणी सोडल्यामुळे हजारो एकर रान क्षारपड झालं. जमिनीवर पांढरी खपली धरते आणि उगवणच होत नाही. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाण्याचा निचरा केल्याशिवाय ती सुधारत नाही. पश्चिमेकडे जांभ्याचे सडे (खडकाळ सपाट माथे) आहेत आणि त्यांच्या पोटात बॉक्साइट. एका जिल्ह्याला एकच विशेषण चिकटवू नये ते यासाठी.

छेद काढताना

मार्क मिळवून देणारी आणि तितक्याच सहज घालवणारी आकृती म्हणजे पश्चिम-पूर्व छेद. विजयदुर्ग ते नरसोबाची वाडी ही रेषा घ्या. सरळ अंतर साधारण १३५ किमी. आडवं प्रमाण १ सेंमीला १० किमी धरलं तर रेषा साडेतेरा सेंमीची होते. डावीकडून सव्वापाच सेंमीवर गगनबावडा, तिथून पुढे सव्वाचार सेंमीवर कोल्हापूर, बाकी चार सेंमी वाडीपर्यंत. उभं प्रमाण १ सेंमीला २०० मी. गगनगड साधारण ६९० मी म्हणजे साडेतीन सेंमीला थोडं कमी; कोल्हापूर सुमारे ५५० मी म्हणजे पावणेतीन सेंमी.

चूक होते ती इथे. बहुतेक जण सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा उतरणारा, तंबूसारखा काढतात. पश्चिमेची बाजू कड्यासारखी, जवळजवळ उभी उतरली पाहिजे आणि पूर्वेची हळूहळू कलत गेली पाहिजे, कारण माथा ओलांडला की आपण पठारावरच असतो. दुसरी चूक म्हणजे आकृतीखाली प्रमाण न लिहिणं. उभं प्रमाण आडव्याच्या ५० पट वाढवलेलं आहे, हे लिहायलाच हवं. नाहीतर सह्याद्री हिमालयासारखा दिसतो. छेदाच्या वर पावसाचे आकडे आणि खाली पिकं-उद्योग लिहिले की अर्धं उत्तर आकृतीतच येतं.

घाटांचाही घोळ होतो. कोल्हापूरकडून कोकणात उतरणारे घाट : रत्नागिरीकडे आंबा, राजापूरकडे अणुस्कुरा, वैभववाडीकडे करूळ आणि भुईबावडा, कणकवलीकडे फोंडा, सावंतवाडीकडे आंबोली. खंबाटकी यात घालू नका. तो पुणे-सातारा रस्त्यावर आहे आणि कोकणात उतरत नाही.

नकाशावर विजयदुर्ग जवळ दिसतं म्हणून ‘कोल्हापूरचा माल कोकणातील बंदरांतून निर्यात होतो’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण कोल्हापूरची रेल्वे मिरजेकडून येते आणि शहरातच संपते. वैभववाडीशी जोडणारा मार्ग मंजूर आहे, प्रत्यक्षात नाही. कंटेनरला घाट उतरण्यापेक्षा महामार्गाने न्हावा शेवा गाठणं सोयीचं पडतं.

कोकण : सरासरीचा चकवा

कोकण विभागाचं उत्पन्न पाहून ‘कोकण श्रीमंत’ असं लिहू नका. त्या आकड्यात मुंबई, ठाणे आणि रायगडचा औद्योगिक पट्टा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग वेगळे काढून बोला : हापूस, काजू, कोकम, मासेमारी, पर्यटन आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर (हल्ली फोनवरून येते, एवढाच फरक). मासेमारी ‘बारमाही’ लिहिण्याआधी १ जून ते ३१ जुलैची यांत्रिक नौकांवरची बंदी आठवा.

‘पाऊस जास्त म्हणून पाणी मुबलक’ हेही कोकणाला लागू पडत नाही. तीन हजार मिमी पाऊस होऊनही एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर जातात. नद्या आखूड, उतार तीव्र, आणि सच्छिद्र जांभा पाणी धरून ठेवत नाही.

कोयनेचं उदाहरण हमखास चुकतं. धरण साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात, पण वीज मुख्यत्वे तयार होते ती सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यात. पूर्वेला कृष्णेकडे जाणारं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडतात आणि वापरानंतर ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. घाटाची उंची हेच तिथलं भांडवल.

कच्चा माल शेजारी असलाच पाहिजे?

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला, पण गावाभोवती कापसाची शेतं शोधू नका, सूत बाहेरून येतं. हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध, पण जवळपास चांदीची खाण नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींनाही लोखंड बाहेरूनच येतं. शेतीच्या पाण्यासाठी ऑइल इंजिन आणि पंप लागले, त्यांची दुरुस्ती आणि ओतकाम इथे सुरू झालं, आणि तेच कसब पुढे वाहनांच्या सुट्या भागांकडे वळलं. कारण लिहिताना खाणीपेक्षा कारागिरी आणि बाजारपेठ यांकडे बघा.

विदर्भाबाबतही एकच कापसाचा शिक्का मारतात. तो पश्चिम विदर्भाला चालतो. पूर्वेकडे भंडारा-गोंदियात भात आणि तलाव, चंद्रपुरात कोळसा आणि औष्णिक वीज, गडचिरोलीत जंगल आणि लोहखनिज. मराठवाड्यात सोयाबीन, तूर, कापूस यांच्याबरोबर जालन्याचं बियाणं व पोलाद आणि छत्रपती संभाजीनगरची वाहननिर्मिती लिहिली नाही तर उत्तर अर्धवट राहतं.

आकडे आणि एककं

टीएमसी हा साठा, क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा वेग. ११,५७४ क्युसेक विसर्ग पूर्ण २४ तास चालला की १ टीएमसी पाणी जातं. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक सुटतं, म्हणजे एवढ्याने १ टीएमसी व्हायला आठ दिवसांहून जास्त लागतील. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरचे ३९ फूट (इशारा) आणि ४३ फूट (धोका) ही पाण्याची पातळी आहे. ती क्युसेकशेजारी बसवून तुलना करू नका.

साखरेचा उतारा टक्क्यांत असतो. १२ टक्के म्हणजे एक टन उसामागे १२० किलो साखर. एकरी टन आणि हेक्टरी टन यांची सरमिसळ झाली की उत्पादन अडीचपट फुगतं. जिल्हा उत्पन्नाचे आकडे घेताना ते चालू किमतीचे की २०११-१२च्या स्थिर किमतीचे, हे तक्त्याच्या डोक्यावर पाहा. एका वर्षाचा चालू आणि दुसऱ्याचा स्थिर घेतलात तर वाढीचा दर खोटा येतो.

राहिला किनारा. पाठ्यपुस्तकात ७२० किमी आहे, आणि केंद्राच्या अलीकडच्या फेरमोजणीत तो सुमारे ८७८ किमी भरला. किनारा वाढलेला नाही, खाड्या-वळणं जास्त बारकाईने मोजली गेली. वस्तुनिष्ठ प्रश्नात पर्याय बघून उत्तर द्या, वर्णनात्मक उत्तरात दोन्ही आकडे कंसात मोजणीच्या उल्लेखासह लिहा.