घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स मिंट बसवण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. कोल्हापुरातल्या अनेक घरांत मात्र विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, तरीही धडधाकट संगणक आहेत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली उत्तम चालते. तिला किमान २ जीबी रॅम लागते, पण ४ जीबी असल्याशिवाय समाधान होणार नाही. यंत्र फारच जुने असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी.

प्रत्यक्ष बसवणे अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे. विचार करायचा तो त्याआधी. घरातले कोण कोणते काम कोणत्या प्रोग्रॅमवर करते, हे प्रथम लिहून काढावे. राजारामपुरीत हिशेब लिहिणाऱ्याचे टॅली, उद्यमनगरातल्या कारखान्याची चित्रे काढणाऱ्याचे ऑटोकॅड आणि छपाईवाल्याची श्रीलिपी हे प्रोग्रॅम विंडोजसाठी बनलेले असल्याने, ज्यांची रोजीरोटी त्यांवर आहे त्यांनी विंडोज काढून टाकू नये. ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढेच काम असेल, तर अडचण क्वचितच येते.

त्यानंतर फोटो, कागदपत्रे आणि सातबाऱ्याच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्या तिथून उघडतात का, हेही पाहावे. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

मिंटची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली एकाच फाइलमध्ये) तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावी, तिचा एसएचए-२५६ बेरीज-आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का, हे दाखवणारा) तिथल्या आकड्याशी ताडून पाहावा आणि रुफस किंवा एचर हा प्रोग्रॅम वापरून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते.

संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीनुसार कळ बदलते) दाबून पेनड्राइव्ह निवडला की मिंट डिस्कला हात न लावता चालू होते. नवशिक्यांनी या अवस्थेत घाई करू नये. वायफाय, आवाज, प्रिंटर, पडद्याची चमक हे सारे इथेच तपासावे. वायफाय सापडले नाही, तर मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते.

विंडोज ठेवायचे असल्यास आधी विंडोजमधूनच फास्ट स्टार्टअप (संगणक पूर्ण बंद न करता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करावे आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये जागा मोकळी करावी. २० जीबी ही मिंटची किमान गरज आहे, पण ६०-७० जीबी असलेले बरे. इन्स्टॉलरमधला 'इरेज डिस्क' हा पर्याय संपूर्ण डिस्क पुसतो, म्हणून तो पडदा दोनदा वाचावा. हे काम चालू असताना वीज जाता कामा नये. पावसाळ्यात आपल्याकडे तिचा भरवसा नसतो, तेव्हा यूपीएस नसेल तर डेस्कटॉपवर हे काम उघडिपीच्या दिवशीच करावे, आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवावा.

बसवून झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवावा आणि कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडावा. दोन्ही प्रणाली ठेवलेल्यांना विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसेल. हा बिघाड नव्हे: लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की दोन्हीकडे घड्याळ जुळते.