गॉगल घेताना आधी काय पाहावे

काच जितकी काळी तितके डोळे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. गडद काचेमागे बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते उलट जास्त आत शिरतात. म्हणून आधी ‘यूव्ही ४००’ ही खूण शोधा, म्हणजे ४०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचे अतिनील (यूव्ही) किरण अडतात. नुसत्या स्टिकरवर विसंबू नका. बऱ्याच चष्म्याच्या दुकानांत मीटरवर काच तपासून मिळते.

काडीच्या आत बऱ्याचदा ० ते ४ असा गडदपणाचा आकडा असतो. भर उन्हात ३ पुरतो. ४ नंबर बर्फासाठी ठीक, गाडी चालवताना मात्र नको.

पोलराइज्ड काच पाण्यावरची, रस्त्यावरची चमक कापते, पण ते अतिनील संरक्षण नव्हे. मोबाइलच्या स्क्रीनसमोर गॉगल हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळवंडली तर काच बहुधा खरोखर पोलराइज्ड.

गॉगल हातभर लांब धरून दाराच्या चौकटीची कड बघत हलवा. कड लहरली तर काच सदोष, डोके दुखू शकते. रंग नैसर्गिक दिसायला करडी काच बरी. फ्रेम रुंद हवी, कडेनेही ऊन येतेच.