विमानाचं नॉन-रिफंडेबल तिकीट दुसऱ्याच्या नावावर होतं का?

परवा मावसभावाचा धुळ्याहून फोन, मुंबई-दिल्लीचं तिकीट काढलंय, जाणं कॅन्सल, आता त्यावर शालक गेला तर चालेल का. नाही चालत. आपल्याकडे विमानात तिकीट ज्याच्या नावाचं तोच बसणार, गेटवरचा सीआयएसएफवाला आधार आणि तिकीट दोन्ही हातात धरून नाव जुळवतो, तिथूनच परत पाठवतील. स्पेलिंग चुकलं असेल तर दुरुस्त होतं, पण माणूस बदलत नाही. कोणी ओएलएक्सवर असलं तिकीट स्वस्तात विकत असेल तर घेऊ नका, पैसे बुडतात.

मग करायचं काय? आधी तारीख पुढे ढकलता येते का बघा, चार्ज आणि भाड्यातला फरक द्यावा लागतो. तेही परवडत नसेल तर विमान उडायच्या आधी कॅन्सल करा, आणि हे नीट वाचा, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी टॅक्स, यूडीएफ (विमानतळ वापराची फी) आणि पीएसएफ (प्रवासी सेवा फी) एअरलाइनला परत द्यावेच लागतात, डीजीसीएचा म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, ऑफरच्या तिकिटालाही लागू. एजंट टोलवत असेल तरी सोडू नका, रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच आहे.

रेल्वेचं मात्र वेगळं. समजा भुसावळ किंवा जळगावहून कन्फर्म तिकीट असेल, तर आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगा-मुलगी यांच्या नावावर एकदाच करून मिळतं. गाडी सुटायच्या किमान 24 तास आधी रिझर्व्हेशन काउंटरला तिकिटाची प्रिंट, आयडी आणि नात्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड घेऊन जा. शालक यात बसत नाही बरं का.