क्विल्टिंगची मासिकं घेताय? आधी या चुका टाळा

क्विल्टिंगच्या, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखी क्विल्ट शिवायच्या मासिकांचं कसं होतं, कव्हर बघून जीव हरखतो, अंक घेतला जातो, चार दिवस उशाशी राहतो आणि मग कपाटात जातो, शिवलं काहीच जात नाही. दरवेळी आळस नडतो असं नाही हां. बरीचशी मासिकं अमेरिकेतली नाहीतर इंग्लंडमधली, त्यातली मापं तिथल्या कापडाच्या आणि तिथल्या पलंगांच्या हिशोबाने, आणि आपण ती जशीच्या तशी घेऊन दादर नाहीतर तुळशीबागेतून आणलेल्या कापडाला कात्री लावतो.

सुरुवातीची चूक मासिक निवडतानाच होते, कारण सगळी मासिकं पॅटर्नची नसतात. 'क्विल्टफोक' (२०१६ पासून निघतंय) हे बसून वाचायचं मासिक, अमेरिकेतलं एकेक राज्य घेऊन तिथल्या क्विल्ट करणाऱ्यांच्या गोष्टी, फोटो तर बघत राहावेत असे. ते घेऊन कटिंग चार्ट शोधत बसलात तर चिडचिडच होणार. तो पाहिजे असेल तर 'अमेरिकन पॅचवर्क अँड क्विल्टिंग' घ्या, किती कापड, किती तुकडे, कुठल्या मापाचे, सगळं टेबलात मांडलेलं असतं. आणि आधीच वर्षभराची वर्गणी भरू नका, एक सुटा डिजिटल अंक घेऊन बघा, कागदी अंकाचं पोस्टेज फार पडतं. परदेशात राहत असाल तर लायब्ररीच्या कार्डावर लिबी अ‍ॅप उघडा, बऱ्याच लायब्रऱ्यांची मासिकं तिथे फुकट वाचता येतात.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट, कापडाचा पन्हा. अमेरिकन पॅटर्नमध्ये कापड साधारण ४० ते ४२ इंच वापरता येईल असं धरलेलं असतं. आपल्याकडे ४४ पन्ह्याचं कापड मिळतं तेव्हा प्रश्न नाही, पण हातमागाचं ३६ पन्ह्याचं घेतलं की गणित बदललं. समजा ५ इंचाचे ८० चौकोन पाहिजेत. ४२ मध्ये एका पट्टीत ८ बसतात, म्हणजे १० पट्ट्या, ५० इंच कापड. ३६ पन्ह्यात किनार काढल्यावर ७ च बसतात, मग १२ पट्ट्या, ६० इंच. पुस्तकी हिशोबाने सव्वा मीटरच्या आसपास आणलंत तर शेवटचे चौकोन निघणारच नाहीत, आणि पुन्हा दुकानात गेलं की तो लॉट संपलेला असतो. खणाचा पन्हा तर त्याहून कमी, तो मोजून बघितल्याशिवाय हिशोबात धरूच नका. मासिकातलं यार्डही मीटर समजू नका, यार्ड म्हणजे ३६ इंच, मीटर ३९ च्या जरा वर, ही चूक निदान आपल्या फायद्याची तरी.

ब्लॉक (तुकडे जोडून झालेला नक्षीचा एक चौकोन) छोटा येतोय, ओळी जुळत नाहीत ही तक्रार सगळ्यांची. पॅटर्नमध्ये शिलाई मार्जिन पाव इंच, म्हणजे दोन सूत, आणि ब्लाउज शिवायची सवय असलेला हात जरा जास्तच धरतो. फक्त अर्धा सूत जास्त गेला तरी तो दोन्ही तुकड्यांतून जातो, म्हणजे शिलाईमागे एक सूत, १२ चौकोनांच्या ओळीत ११ शिलाया, म्हणजे ओळ सव्वा इंचाहून जास्त आखूड! म्हणून पूर्ण कापड कापायच्या आधी एक ब्लॉक शिवून बघायचा, मोजायचा. छोटा आला तर आधी मार्जिन बघा, मग इस्त्री (शिलाई नीट उघडली नसेल तर घडीत माप जातं), मग कटिंग. तिन्ही बरोबर असूनही जमत नसेल तर चूक छापण्यातही असू शकते, मासिकांच्या साइटवर दुरुस्त्यांचं पान असतं, खरं तर ते कात्री लावायच्या आधीच बघावं.

डिजिटल अंकातले टेम्प्लेट, म्हणजे कापायचे साचे, प्रिंट करताना वेगळीच गंमत. अमेरिकन अंकांचा कागद लेटर साइज, आपला ए-फोर, रुंदीला थोडा कमी, आणि प्रिंटरवर 'फिट टू पेज' असलं की तो गुपचूप सगळं लहान करतो, ६ इंचाचा ब्लॉक साधारण ५.८ चा होतो. १०० टक्के ठेवा, आणि पानावर एक इंचाचा चौकोन दिलेला असतो तो पट्टीने मोजा.

जुने अंक हाती लागले तर सोडू नका, 'क्विल्टर्स न्यूजलेटर' १९६९ ला सुरू होऊन २०१६ ला बंद पडलं, पारंपरिक ब्लॉकचा खजिना आहे. फक्त रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याची कापणी) आला १९७९ ला, त्याच्या आधीचं सगळं टेम्प्लेट आणि कात्रीचं काम, आणि टेम्प्लेटमध्ये मार्जिन धरलंय की नाही ते वाचून घ्या.

फोटोतलंच कापड हवं हा हट्ट तर सोडाच, ती कलेक्शन्स थोड्याच दिवसांची असतात, अंक आपल्यापर्यंत येईपर्यंत संपतातही. बघायचं ते गडद-फिकट. आपली कापडं शेजारी ठेवून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, दोन कापडं सारखीच करडी दिसली तर डिझाइन उठणार नाही, मग एक लाल असो नि एक हिरवं. आणि आपली गडद सुती कापडं आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर रंग.

पलंगाचं माप शेवटी बघतात लोक, आधी बघावं. मासिकातली क्वीन क्विल्ट दोन्ही बाजूंनी खाली लोंबेल अशी धरलेली असते, आपल्या ६० बाय ७८ च्या बॉक्स बेडवर टाकली की ड्रॉवर उघडायला रोज ती उचलत बसा. एक-दोन ओळी कमी केल्या तर काही बिघडत नाही, फक्त बॉर्डरची लांबी नवीन मापाने काढायची. आणि बॅटिंग (क्विल्टच्या मधला मऊ थर) मिळालं नाही म्हणून अडू नका, मुंबई-कोकणाच्या हवेला मध्ये जुन्या सुती साडीचे एक-दोन थर पुरतात, वरचा भाग मासिकाचा आणि टाके आपल्या गोधडीचे, धावदोरा जवळजवळ घाला. थर वाढले की घरची मशीन कुरकुरते, तेव्हा जाड सुई लावा नाहीतर सरळ हातानेच घाला.