बिल अचानक फुगलं? वीज कुठे मुरते ते असं शोधा

मे महिन्याचं बिल आलं आणि आईनं पहिला ठपका कूलरवर ठेवला. फेब्रुवारीत ११८ युनिट पडले होते, मेमध्ये ५०६. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं. मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास, कूलर चौदा-चौदा तास सुरू, तेव्हा संशय साहजिक होता. शेजारचे काकाजी म्हणाले, "मीटरच पळून राह्यलं तुमचं, बदलून घ्या जी." खरं कारण दोन्हींपेक्षा वेगळं निघालं. ते ज्या क्रमानं सापडलं त्याच क्रमानं सांगतो. घड्याळ, कागद-पेन आणि एक मोकळी सकाळ एवढंच लागतं. वायरमनची गरज शेवटी पडते.

आधी बिलच तपासा

रुपयांचा आकडा बाजूला ठेवा आणि युनिट पाहा. मागील रिडींग, चालू रिडींग आणि बिलावर छापलेला मीटरचा फोटो जुळतात का? मग बिल घेऊन मीटरपाशी जा. आजचा आकडा बिलातल्या चालू रिडींगपेक्षा थोडा पुढे असला पाहिजे. मागे असेल तर रिडींगच चुकलं आहे. मीटरचा फोटो काढा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आधीचे एक-दोन महिने रिडींग न घेता सरासरीनं बिल दिलं असेल तर राहिलेले युनिट एकदम चढतात, तेही पाहून घ्या.

घरगुती दराचे टप्पे आहेत: १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्यातलं युनिट आधीच्यापेक्षा महाग पडतं. म्हणून युनिट दुप्पट झाले की रुपये दुपटीहून जास्त होऊ शकतात.

आमच्या बिलातले आकडे बरोबर होते. म्हणजे वीज खरोखर जळत होती.

मग कागदावर हिशेब

१००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. आमचा कूलर पंपासकट साधारण २०० वॅटचा. चौदा तासांचे २.८ युनिट, महिन्याचे ८४. बोअरची एक एचपीची मोटर तासाला साधारण एक युनिट घेते, पण ती रोज अर्धा तासच चालते आणि फेब्रुवारीच्या ११८ मध्ये तिचा हिशेब आलेलाच आहे. गीझर उन्हाळ्यात बंद. वाढले ३८८ युनिट, त्यातले ८४ कूलरचे. उरलेल्या तीनशेंचा पत्ता लागेना. तीनशे म्हणजे दिवसाला दहा युनिट!

हा हिशेब प्रत्येकानं करावाच. नाहीतर लोक उन्हाळाभर कूलर बंद ठेवून म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात बसवतात आणि बिल तेवढंच येतं.

मीटरचा दिवा मोजा

डिजिटल मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो. मीटरच्या पाटीवर ३२०० किंवा तसा आकडा छापलेला असतो. एक युनिट जळेपर्यंत दिवा तितक्या वेळा लुकलुकतो.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिज, इन्व्हर्टर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, चार्जर, सगळ्यांचे प्लग काढा. इन्व्हर्टर हमखास विसरला जातो. मेन स्विच मात्र सुरू ठेवा आणि मीटरपुढे उभे राहा. काहीच चालू नसेल तर दिवा स्थिर राहिला पाहिजे.

आमचा लुकलुकत होता. दहा वेळा लुकलुकायला २७ सेकंद लागले. ३२०० च्या मीटरला ११२५० भागिले सेकंद केलं की वॅट मिळतात (१६०० असेल तर २२५०० घ्या, ६४०० असेल तर ५६२५). उत्तर आलं ४१७ वॅट. चोवीस तासांचे बरोबर दहा युनिट! हरवलेले तीनशे युनिट समोर लुकलुकत होते.

तुमच्याकडे दिवा थांबला तर दोष एखाद्या उपकरणात किंवा वापरात आहे. एकेक वस्तू लावून दिवा मोजत जा. फ्रिज थांबतच नसेल तर दाराचं रबर पाहा. बोअरचं पाणी उतरलं किंवा पाइपातला व्हॉल्व्ह गळत असला की अर्ध्या तासात भरणारी टाकी दोन तास घेते. तेव्हा टाकी भरायला लागणारा वेळ लिहून ठेवा.

दिवा थांबला नाही तर

एकेक एमसीबी (बोर्डातला, बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडा आणि दर वेळी दिवा पाहा. आमचे घरातले सगळे एमसीबी पडले तरी दिवा सुरूच. उरली बोअरची लाइन, तिची फ्यूजची ग्रिप वेगळी होती. मेन बंद केला, ग्रिप काढली, मेन पुन्हा सुरू केला. पूर्ण एक मिनिट पाहिलं, दिवा लागला नाही.

झालं होतं असं की मोटरचा स्विच फेजच्या म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर असायला हवा, तो न्यूट्रलवर म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरवर बसवला होता. स्विच बंद केला की मोटर थांबायची, पण फेज बोअरमध्ये जिवंतच राहायचा. खाली केबलच्या जोडावरची टेप सुटली होती. तिथून वीज पाण्यात, पाण्यातून जमिनीत, अशी रात्रंदिवस मुरत होती. कित्येक मीटरांवर अशा गळतीसाठी अर्थचा वेगळा दिवा असतो. आमचाही पेटलेला होता, आम्ही कधी लक्षच दिलं नव्हतं.

आणि म्हैस! त्या दिवसांत ती बोअरच्या ओट्याजवळच्या टाक्यात तोंड घालेना. नाक पाण्यापर्यंत न्यायची आणि झटकन मागे सरायची. आम्ही टाकं दोनदा घासलं. तिला करंट जाणवत होता. जनावराला तो माणसाआधी कळतो, कारण त्याचे चारही पाय ओल्या मातीवर असतात. गुरं पाण्यापासून बिचकू लागली किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर बिलाचं नंतर पाहा, आधी मेन पाडा आणि पोरांना अनवाणी तिकडे जाऊ देऊ नका.

वायरमनकडून काय करून घ्यायचं

बोअरमधून केबल बाहेर काढायचं काम स्वतः करू नका. वायरमनला चार गोष्टी स्पष्ट सांगा. केबल शक्यतो बिनजोडाची टाकायची. मोटर आणि केबल मेगर (वायरचं आवरण कुठे गळतं का ते मोजणारं यंत्र) लावून तपासायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा टू-पोल एमसीबी बसवायचा. आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी लावायचा. वीज जमिनीत जाऊ लागली की तो क्षणात पडतो. तो वारंवार पडतो म्हणून काही जण काढून टाकतात. तसं होऊ देऊ नका, का पडतो ते शोधायला लावा. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी घाला.

काम झाल्यावर दिवा पुन्हा मोजा. मग पंधरा दिवस रोज संध्याकाळी सातला मीटरचा आकडा लिहा. आम्ही मीटरशेजारच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहायचो. कूलर पूर्वीइतकाच चालवून आकडा दिवसाला साडेसहा-सात युनिटांनी सरकू लागला, आणि तिसऱ्या दिवशी म्हशीनं टाक्यात तोंड घातलं.