पोस्ट आणि फॉरवर्ड करताना या चुका टाळा

काही दिवसांपूर्वी सोलापूरच्या नवी पेठेतील एक दुकानदार माझ्या टेबलावर मोबाइल ठेवून म्हणाले, “वकीलसाहेब, मी लिहिलेले नाही, फक्त पुढे पाठवले आणि लगेच डिलीटही केले.” त्यांच्या मोबाइलवर तो संदेश खरोखरच उरला नव्हता. मात्र समोरच्या पक्षाच्या नोटिशीसोबत त्याचा स्क्रीनशॉट होता. त्यात पाठवल्याची वेळ होती आणि “हे सगळे चोर आहेत” ही त्यांनी स्वतः वर जोडलेली ओळही होती.

दुकानदारांच्या त्या एकाच वाक्यात दोन चुका आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 नुसार बदनामीकारक मजकूर तयार करणारा आणि तो प्रसिद्ध करणारा, असे दोघेही जबाबदार ठरू शकतात. त्यामुळे “मूळ मजकूर दुसऱ्याचा होता” हा बचाव पुरेसा पडत नाही. ग्रुपमध्ये शंभर जणांनी वाचलेला मजकूर आपल्या मोबाइलवरून पुसल्याने त्यांच्या मोबाइलवरून पुसला जातोच असेही नाही.

“पण ते खरेच आहे ना?” हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. फौजदारी बदनामीत केवळ खरेपणा पुरत नाही, ते विधान लोकहितासाठी केले होते हेही दाखवावे लागते. चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला असेल, तर खरेदीची तारीख, बिल आणि धुतलेल्या चादरीचा फोटो देऊन आपला अनुभव जरूर लिहावा. “मालक जन्माचा फसवा आहे” असे लिहिले, की तक्रार चादरीवरून माणसाच्या चारित्र्यावर जाते आणि ती सिद्ध करणे फार अवघड होते.

याच्या अगदी उलट चूक मला अधिक अस्वस्थ करते, ती म्हणजे भीतीपोटी गप्प बसणे. 1930 मध्ये मार्शल लॉ सोसलेल्या आणि चार हुतात्मे दिलेल्या या शहरात, काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याबद्दल महापालिकेला जाब विचारताना कुणाचा हात थरथरू नये. संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) मधील भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य इंटरनेटवरील अभिव्यक्तीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. त्यावरील निर्बंध अनुच्छेद 19(2) मध्ये दिलेल्या कारणांपुरतेच असतात: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी आणि तत्सम मोजकी कारणे. एखाद्याला राग आला, हे त्यांपैकी कारण नाही. पालघरमधील दोन तरुणींना 2012 मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्या घटनेनंतर आव्हान दिले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केले. कोल्हापुरातील एका प्राध्यापकाने अनुच्छेद 370 विषयी ठेवलेल्या व्हॉट्सॲप स्टेटसवरील गुन्हाही याच न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केला.

कंपनीने आपले खाते बंद केले म्हणून थेट मूलभूत हक्काचा भंग झाला, असे समजू नये, कारण हा हक्क प्रामुख्याने शासनाविरुद्ध आहे. तेथे आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे लागते. ग्रुप ॲडमिनबाबतही गैरसमज आहे: केवळ ॲडमिन असल्यामुळे दुसऱ्याच्या संदेशासाठी फौजदारी जबाबदारी येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिला आहे, मात्र त्या संदेशामागे ॲडमिनचाही समान हेतू असेल तर गोष्ट वेगळी.

पोलीस ठाण्यातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे चौकशीसाठी हजर राहण्याची, नोटीस आली, तर घाबरून मोबाइल फॉरमॅट करू नये. पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच आरोप त्यातून ओढवतो. मूळ पोस्ट, तिच्या आधीचे व नंतरचे संभाषण आणि तारखा जपून ठेवाव्यात, नोटीस व ही सामग्री वकिलाला दाखवावी आणि नेमून दिलेल्या दिवशी हजर व्हावे. नोटिशीतील अटी पाळणाऱ्यास, पोलिसांनी लेखी कारणे नोंदवल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही.