फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय 2: मी तो कसा वाचते

आधी पेन्सिल घ्या. बायबलच्या नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली 6 ते 11 ही वचनं मोठ्याने वाचा, मग फक्त क्रियापदांखाली रेघ ओढा. आठव्या वचनापर्यंत सगळं ख्रिस्त करतो: स्वतःला रिक्त करतो, दासाचं रूप घेतो, लीन होतो, वधस्तंभावरचं मरण पत्करतो. नवव्या वचनात कर्ता बदलतो. आता देव त्याला अत्युच्च करतो, सर्व नावांहून श्रेष्ठ नाव देतो. इथे थांबा. घाई नको.

त्या ‘देतो’साठीचं मूळ ग्रीक क्रियापद ‘कृपा’, म्हणजे न कमावता मिळणारं दान, या शब्दाच्याच कुळातलं आहे. हे कळलं त्या दिवशी मी माझी वही मिटली. उपास, प्रार्थनेचे तास, कुणाला केलेली मदत, सगळ्याचा हिशेब मी त्यात वर्षानुवर्षं मांडत होते. तारण, म्हणजे पापातून सुटका, जणू हप्त्यांनी फेडायचं होतं.

मग इफिसकरांस पत्र 2:8-9 उघडा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान, कर्मांचं फळ नव्हे. दहावं वचन मात्र सोडू नका. सत्कर्मं तिथे येतात, तारणानंतर.

शेवटी नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातलं 5:31. देवाने येशूला आपल्या उजव्या हाताशी उंचावलं, ते इस्राएलाला पश्चात्ताप आणि पापांची क्षमा देण्यासाठी. म्हणजे पश्चात्तापसुद्धा दिला जातो! वाचून झालं की मी रिकामी ओंजळ पुढे धरते आणि ‘येशू ख्रिस्त प्रभू आहे’ एवढंच म्हणते.